वहीतली सव्वाचारची नोंद

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. दिल्लीत पस्तीस वर्षं केंद्र सरकारची नोकरी केली. कागदावर नाही ते खरं नाही, ही सवय. अडचण अशी की हा अनुभव कागदावरच आहे...

नलू माझी धाकटी बहीण, सोळा वर्षांनी लहान. तिला स्किझोफ्रेनिया आहे — आवाज ऐकू येतात. माझी पत्नी गेल्यावर गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. गोळ्या मी द्यायचो, डॉक्टरांशी मी बोलायचो, दार मी उघडायचो. एकोणपन्नासाव्या वर्षी ती म्हणाली, "दादा, मी दक्षिण दिल्लीत, मुनिरक्यात खोली घेतेय. शिलाई मशीन टाकते."

"आणि गोळ्या?"

"मोबाईलला अलार्म लावलाय. तो तुझ्यासारखा ओरडत नाही."

तिचं बस्तान बसलं. हॉस्टेलच्या मुली जीन्स अल्टर करायला आणायच्या. चेन, बटणं आणायला ती एकटी मेट्रोने करोल बागेत जायची. मी भेटायला गेलो की कोणीतरी मुलगी पलंगावर बसलेलीच. "दीदी, थोड़ा टाइट करना ना, प्लीज." नलू हसायची. अठरा वर्षं माझ्या घरात ती अशी हसली नव्हती. लोकांना वाटायचं, मला तिची काळजी वाटते. कसली काळजी — जळफळाट व्हायचा नुसता. मला चहा देताना ती घड्याळ बघायची!

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, दुपारी सव्वाचारला, मी बाल्कनीतून तिच्या मकानमालकिणीला फोन केला. "आपको पता होना चाहिए, मेरी बहन दिमाग़ की मरीज़ है. अकेली रखना ठीक नहीं."

"अच्छा... देखती हूँ, अंकल."

फोन बंद केला. घरात कोणी नव्हतं. मी स्वतःशीच, अगदी हळू बोललो, "आता येशील परत."

दुसऱ्या दिवशी सकाळी नलू दारात. हातात तिची वही. डॉक्टरांनी शिस्त लावली होती: आवाज आला की वेळ, कोणाचा आवाज आणि शब्द लिहून ठेवायचे. तिने पान पुढे केलं. "बुधवार, सव्वाचार. दादा." खाली माझी हिंदी वाक्यं, जशीच्या तशी. आणि शेवटी — आता येशील परत.

"तू बोललास हे?" तिने विचारलं. "हो किंवा नाही, एवढंच सांग. नाही म्हणालास तर मी पुन्हा आजारी पडलेय."

मी म्हणालो, "नाही."

डॉक्टरांकडे मीच नेलं. डोस वाढला. तिचे हात थरथरायला लागले, सुईत दोरा जाईना. तीन महिने ती माझ्याकडे राहिली, गोळ्या मी दिल्या. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

तिचे कपडे आणायला मुनिरक्याला गेलो, तेव्हा वाटलं, मकानमालकीणच बोलली असणार. विचारलं, तर ती माझ्यावरच उखडली. "मैंने किसी से कुछ नहीं कहा. मेरे सूट वही सिलती है, मैं क्यों निकालूँ? कमरा उसी का है." आणि ते शेवटचं वाक्य तर तिनेही ऐकलेलं नव्हतं...

नलू परत तिच्या खोलीवर गेली. त्याला सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी जाऊन सगळं सांगून टाकलं. ती जीन्सला टीप मारत होती. मशीन थांबलं.

"आजारातले आवाज मला हसतात, दादा. हा हसत नव्हता. पण तू नाही म्हणालास... तेव्हापासून दार वाजलं तरी आधी पोरींना विचारते, खरंच वाजलं ना?"

तिने कपाटातून ती वही काढली. "ऑफिसात लोकांच्या कागदांच्या प्रती अटेस्ट करायचास ना? कर."

नोंदीखाली मी लिहिलं — हे शब्द माझे आहेत. सही केली, तारीख घातली. गाझियाबादच्या बाल्कनीत पुटपुटलेलं मुनिरक्यात तिला कसं ऐकू गेलं, हे मला आजही माहीत नाही. योगायोग म्हणवत नाही. पण त्या दिवशी ती आजारी नव्हती, हे मला त्याच सकाळी माहीत होतं.

शाई वाळावी म्हणून ती पानावर फुंकर घालत होती. तेवढ्यात दार वाजलं. तिने मला काही विचारलं नाही. सरळ उठली आणि दार उघडलं.

एक मुलगी हसत आत आली. तिला बसायला जागा हवी म्हणून मी पलंगावरून उठलो.