मागचं जहाज

काल नातवानं अंगणात मोटारसायकलचं जळकं ऑइल सांडलं, आणि त्या वासानं मी थेट मूर्तिजापूरच्या आमच्या घरात जाऊन बसले. सात-आठ वर्षांची असेन. त्याआधी महायुद्धात बाबा इंग्रजांच्या आरमारात खलाशी होते. क्रूझर म्हणजे लढाऊ जहाजं, ती एकामागे एक चालायची. बाबा अगदी शेवटच्या जहाजावर, त्यांचा जिवलग मित्र संपतकाका त्याच्या पुढच्याच जहाजावर. पाणबुडीच्या माऱ्यानं ते पुढचं जहाज फुटलं तेव्हाच संपत गेला, असं बाबा सांगत.

त्या दुपारी संपतकाकाची आई अकोटहून आली. पाण्याचा गिलास तसाच ठेवून तिनं विचारलं, "शंकर, तू त मांगंच होता न रे. माह्या पोराले पायलं काय तू?"

बाबा नुकतेच कापसाच्या जिनिंग कारखान्यातून आले होते. तेलाचे हात धोतराला पुसत राहिले. मग म्हणाले, "पायलं, काकू. फुटल्या जहाजाच्या काया तेलात पोहून रायला होता. मले पाहून हासला. आमाले सांगूनच ठेवलं होतं, कोनी पडलं त मांगचं जहाज उचलते."

"मंग?"

"पानबुडीच्या भेवानं सायबानं जहाज थांबवलंच नाही. अजून जोरात पयवलं."

"अन् तू काय केलं?"

"हात केला त्याले."

संपतकाकाची आई पाणी न पिताच उठली. बाबांना असं विचारलं म्हणून तेव्हा मला तिचाच राग आला होता. आता वाटतं, दगा दिला तो साहेबानं, पण संपतकाकाला शेवटी दिसलं ते तोंड माझ्या बापाचं होतं.