हार घातलेली गाडी थांबली कशी?

भुताखेतांच्या गोष्टींची मी कायम टिंगल करत आलोय. या सदरातले किस्से बायकोला हसत हसत वाचून दाखवणारा मी... आज स्वतःचाच लिहायला बसलोय म्हटल्यावर तिची पाळी आहे हसायची.

नाशिकजवळ मखमलाबादला आमचा झेंडूचा मळा आहे. यंदा नवी ऑटोमॅटिक गाडी घेतली — समोर कुणी आलं तर स्वतःच ब्रेक मारणारी. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ही करामत फार आवडली. दसऱ्याला सकाळीच त्यांनी मळ्यातल्या झेंडूचा मनगटाएवढा जाड हार ओवला आणि गाडीच्या तोंडावर दोन पदरी बांधला. मी कौतुकानं फोटो काढला. त्या हाराखालीच गाडीचा सेन्सर आहे, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दुपारी देवळातून परत येताना मी एकटाच मळ्याच्या वाटेला वळलो. स्क्रीनवरच्या लाल अक्षरांकडे तेव्हा कुठं लक्ष गेलं — समोरचा सेन्सर झाकलेला आहे, ऑटो ब्रेक बंद. मी वाकून तेच वाचत होतो... आणि गाडी खाडकन थांबली. पट्टा छातीत रुतला.

वर बघतो तर समोर अण्णा. वाटेत सांडलेली फुलं वेचायला वाकलेले. हारात आणि त्यांच्या पाठीत वीतभर अंतर. माझा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता. इंजिन ओरडत होतं, गाडी हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं लॅपटॉप लावून बघितलं. "साहेब, हार बांधल्यापासून सिस्टीम बंदच होती. गाडीनं ब्रेक मारल्याची नोंदच नाही. तुम्हीच दाबला असणार."

मी नाही दाबला. की दाबला? आता माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही. आणि सिस्टीम बंद असताना गाडी थांबली असेल, तर स्क्रीन सिस्टीम चालू आहे म्हणते तेव्हा तरी खरं कशावरून?

अण्णांना हे दोनदा समजावलं. ते म्हणाले, "सेन्सर-बिन्सर ऱ्हाऊ दे. आपल्या मळ्यातली फुलं व्हती तिच्या गळ्यात. घरचं मानूस वळखती ती. लय शानी हाय."

तेव्हापासून गाडी आली तरी अण्णा वाटेतून हलत नाहीत. हॉर्न दिला तर मागं न बघताच हात हलवतात — ये, ये.

त्या दिवशी ब्रेक कुणी मारला, मला अजून कळलेलं नाही. म्हणून मी गाडी मळ्याच्या तोंडाशी असलेल्या विहिरीपाशीच बंद करतो आणि उरलेली वाट पायी जातो.