लांबची तारीख

आमच्या चिरंजीवांनी शेजाऱ्याची मोटारसायकल पळवली, म्हणून मला नांदेडच्या बाल न्याय मंडळाच्या बाकावर बसावं लागलं. शेजारी भोकरकडचे एक काका होते. एकाचं डोकं फोडल्यापायी त्यांचा पोरगा आठ दिवस निरीक्षणगृहात होता.

काकांचा बांधाचा दावा अठरा वर्षं चालू, त्यामुळे कोर्टाच्या बाबतीत ते माझे गुरूच झाले. कडक इस्त्रीचं धोतर, बगलेत सातबाऱ्याची पिशवी. फाईल घेऊन जाईल त्याला ते हात जोडत. त्यात झेरॉक्सवालाही आला.

"घाबरू नका," मला म्हणाले. "आपण फकस्त तारीख मागायची. लई लांबची."

त्यांचं नाव पुकारलं, तसे काका-काकू आत गेले. उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं. काका आधी पिंजरा शोधत राहिले. तिथं नुसतं टेबल, साध्या साडीतल्या मॅडम आणि बाजूला उभा त्यांचा रडवेला पोरगा.

"हमीपत्रावर सही करा. पोराला आज घरी नेता ना?"

काकांच्या तोंडून सवयीनं निघालं, "पुढची तारीख द्या, मॅडम. लांबची."

काकूंनी असा चिमटा काढला की काका जागच्या जागी उडाले. रडता रडता पोरगाही हसला.

बाहेर चपला घालतानाही काकांनी पोराचं मनगट सोडलं नाही.

"अठरा वर्सं कोर्ट करून राहिलो, भाऊ," ते म्हणाले. "घरी नेता का, असं कुणी इचारलंच न्हाई कधी. जीभ कशी वळंल?"

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मॅडमनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "नेतो."