तोंडात हात घालू नये

नव्वदच्या दशकात नाशिकला आम्ही एक कॉम्प्युटर प्रोग्राम तयार करत होतो. गुराची लक्षणं सांगितली की त्याने रोग ओळखायचा. ज्ञान जनावरांच्या एका डॉक्टरांचं, टायपिंग आणि कटकट माझी. डॉक्टर माणूस हट्टी. पहिला प्रश्न घशाचाच हवा, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. "बाई, आपल्याकडे गाय लाळ गाळते ती घशात कांदा अडकला म्हणून," ते म्हणायचे. आणि कांदा काढायची त्यांची रीत एकच: हाताला तेल चोपडायचं आणि तो कोपरापर्यंत आत घालायचा.

एका दुपारी ते वणीकडून आले, सोबत एका आजारी गायीचा मालक. डॉक्टरांच्या बोटाला रुमाल गुंडाळलेला. "दात लागला जरासा. कांदा काही सापडला नाही. विचारा तुमच्या मशीनला." मला बरंच वाटलं. आपणहून त्यांनी मशीनला कधी विचारलं नव्हतं.

मी प्रश्न वाचत गेले, मालक उत्तरं देत गेला. पाणी पिते? "तोंड लावती, पन गिळत नाय." आवाज बदललाय? "घोगरा झालाय. लय हंबरती." कुत्रं चावलं होतं?

"चावताना नाय पाह्यलं. पन मागं एक पिसाळलेलं कुत्रं गोठ्यात शिरलं व्हतं. हे कुनी इचारलंच नाय."

डॉक्टर रुमाल सोडता सोडता थांबले. मी एंटर दाबलं. स्क्रीनवर आलं: रेबीजचा संशय. तोंडात हात घालू नये. वाक्य त्यांचंच, त्यांनीच मला सांगून घातलेलं. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

ते नळाखाली कितीतरी वेळ साबणाने बोट धूत राहिले, मग सरकारी दवाखान्यात गेले. इंजेक्शनं सुरू झाली. गाय मेली. मी कुत्र्याचा प्रश्न सगळ्यात वर नेला.

इंजेक्शनं संपली. पण हा रोग महिनोन्‌महिने दबा धरून बसू शकतो, हेही मीच टाइप केलं होतं. म्हणून रोज सकाळी ते आले की मी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवायचे. पाणी गिळता आलं नाही, तर काय समजायचं ते दोघांनाही ठाऊक होतं. "झालं समाधान?" ग्लास रिकामा करून ते चिडवायचे.

एक दिवस त्यांनी ग्लास बाजूला सारला. "आत्ताच चहा झालाय, बाई."

"तरी प्या," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडवलं नाही. ग्लास उचलला आणि थांबत थांबत प्यायले, प्रत्येक घोट खाली उतरतोय ना, ते स्वतःच गळ्यावर हात ठेवून बघत.