नवरीच्या गालांवर उठलेली बोटं

त्या नवरीच्या गालांवर उठलेली बोटं मी अजून विसरलेलो नाही. नव्वदच्या दशकात मी नवी मुंबईत उपनिरीक्षक होतो. एका दुपारी ठाणे अंमलदाराने निरोप दिला, करावे गावातली माणसं एका ब्युटी पार्लरवर चालून गेली आहेत.

पोहोचलो तेव्हा पार्लरचं शटर अर्धं ओढलेलं होतं. आत पार्लर चालवणारी साताऱ्याकडची तरुणी, बाहेर नवरीची माणसं. लग्न तोंडावर आलेलं, आणि फेशियलनंतर दोन दिवसांनी नवरीच्या गालांवर काळपट लाल पट्टे उठलेले. सगळ्यांत मोठा आवाज नवरीच्या आत्याचा.

"साहेब, हिनंच पोरीच्या तोंडाला ॲसिड लावलाय! दुकान बंद करा, नायतर आमी करतो!"

मी गर्दी मागे हटवली. पंचनामा करून बरण्या सील केल्या आणि त्या तरुणीचा जबाब घेतला.

"ब्लीच लावलंस?"

"नाही साहेब. तिची कातडी कोरडी, नाजूक. ग्लिसरीन आणि गुलाबपाणी लावलं. ग्लिसरीन ओल धरून ठेवतं. तेही आधी कानामागं लावून बघितलं."

"मग हे कशानं झालं?"

"मला नाही माहीत." तिनं बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं. "दुकान मोडलं तर घरचे मला गावी नेतील, साहेब."

खोटं बोलणाऱ्याकडे उत्तर तयार असतं. हिच्याकडे नव्हतं. शिवाय फेशियलचा हात सगळ्या चेहऱ्यावर फिरतो. इथे दोन्ही गालांवर फक्त बोटं होती, कानशिलाकडे ओढलेली.

मी नवरीला आणि आत्याला घेऊन दवाखाना गाठला. त्वचारोगाचे डॉक्टर पट्टे पाहून म्हणाले, "लिंबाचा रस लागलाय. रसातल्या काही द्रव्यांवर कडक ऊन पडलं की कातडी भाजते. डाग उठायला एक-दोन दिवस जातात."

मी नवरीला विचारलं, "पार्लरमधून आल्यावर तोंडाला कुणी हात लावला?"

ती हसली. "आत्यानं. गालांवरनं बोटं फिरवून अलाबला घेतली ना माझी! जिताडा माशाला हळद-लिंबू चोळत होती, तशीच उठून आली. मग मी उन्हात घरोघर पत्रिका वाटल्या."

आत्याने आपल्या तळव्यांकडे पाहिलं. "माज्याच हातानं गो?" आणि ती तोंडाला पदर लावून रडू लागली.

"रडू नको गं आत्या, डाग जातात बोलले डॉक्टर," नवरीच तिची समजूत काढू लागली.

तक्रार मागे घेतली गेली. माझ्या लेखी प्रकरण संपलं होतं. पण पार्लरमध्ये कुणी फिरकेना. हे आत्याच्या कानावर गेलं आणि ती गावातल्या बायका घेऊन तिथे थडकली. खुर्चीत बसून म्हणाली, "आगो, माजा तोंड बघ, तेलकट हाय का सुका? लाव काय लावाचा तो. आन् दार उघडा ठेव, गावाला बघू दे!"

तोवर मी मानत होतो, निर्दोषाला सोडलं की पोलिसांचं काम संपलं. त्यानंतर मात्र चुकून आरोप करणाऱ्याला मी एकच सांगत आलो: चारचौघांत घेतलेली अब्रू चारचौघांतच परत करावी लागते.