अक्कांच्या कॅलेंडरमागचा नंबर

चकलीच्या भाजणीचा खमंग वास आला की मला मल्लेश्वरममधली ती सकाळ आठवते. आदल्या दिवशी माझा फोन पाण्याच्या बादलीत पडून कायमचा गेला होता, आणि नव्या फोनवर माझं खातं उघडेना, कारण ओळख पटवायचा कोड माझ्या पुण्यातल्या, कधीच बंद केलेल्या नंबरवर जात होता. सगळ्यांचे नंबर त्या खात्यात, आईचं तिकीटही त्यातच. आई त्याच दिवशी रेल्वेने येत होती आणि कुठल्या स्टेशनवर, किती वाजता, ते मला आठवेना. ऑफिसच्या वेळी मला फोन करायचा नाही हा तिचा नियम, आणि तिचा नंबर मी कधी पाठच केला नव्हता. शेजारच्या अक्का, पिढ्यानपिढ्या बंगलोरात राहिलेल्या मराठी घरातल्या, भाजणी परतत होत्या. माझं रडगाणं ऐकून म्हणाल्या, "स्वल्प थांब की," आणि भिंतीवरचं कॅलेंडर उलटं केलं. मागे पेन्सिलीने आईचा नंबर लिहिलेला होता. "भाजणीचं प्रमाण विचारायला घेतलेला." मी त्यांच्याच फोनवरून लावला. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "बोला अक्का, तुमकूर गेलं, तासाभरात यशवंतपूरला उतरते. आधी सांगा, काल तो घरी जेवला, का परत पार्सल मागवलं?" मी अक्कांकडे पाहिलं. त्या फारच मन लावून भाजणी परतत होत्या. आता आईचा नंबर मला तोंडपाठ आहे, पण माझी खरी खबर तिला अजून अक्काच देतात.