आठवी 'ब'च्या स्मरणार्थ

हसायचं असेल तर आधी तोंडातला चहा गिळून घ्या. मागे हीच गोष्ट सांगितली तेव्हा आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला होता आणि बायकोने दोष मला दिला. तसा दोष माझाच. या सगळ्या प्रकरणात दुसऱ्या कुणाचा दोष सापडतो का, हे मी चाळीस वर्षं शोधतोय, सापडलेला नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत भूगोलाचा मास्तर आणि आठवी 'ब'चा वर्गशिक्षक. वय सव्वीस. म्हणजे जगातलं सगळं आपल्यालाच कळतं, याबद्दल मनात शंका नसण्याचं वय. नोकरी मात्र प्रोबेशनवर. घरी आई रोज विचारायची, "कायम कधी होणार रे?" आणि माझं लग्न त्या एका शब्दावर अडलेलं. मुलीचे वडील स्पष्ट म्हणाले होते, "ऑर्डर दाखवा, मुहूर्त काढतो."

अशात एका सोमवारी आमचे हेडमास्तर गोगटे सरांनी मला बोलावलं.

"शनिवारी इन्स्पेक्शन आहे. साहेब वह्या बघतात. आठवी 'ब'च्या वह्या पुऱ्या दिसल्या, तर तुमची ऑर्डर निघेल."

"आणि नाही दिसल्या तर?"

सर चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "आणि हो, साहेब मराठीचे मोठे अभिमानी आहेत. वर्गात इंग्रजी शब्द दिसता कामा नये."

आठवी 'ब'! बावन्न पोरं, त्यातल्या सत्तावीस जणांचं काही ना काही राहिलेलं. कुणाचा निबंध, कुणाची प्रयोगवही, कुणाचे नकाशे. सगळ्यांत वर महेश राणे. त्याचं सगळंच राहिलेलं. त्याला उभा केला.

"काय रे, किती राहिलंय तुझं?"

"सर, खरं सांगू? करायला बसतो मी. पण काय काय राहिलंय तेच लक्षात राहत नाय."

आणि मला एकदम साक्षात्कार झाला! पोरं आळशी नाहीतच. बिचाऱ्यांना आठवण करून देणारं कुणी नाही. थोर शिक्षक असेच घडत असणार, मला वाटलं.

योजना आखली. प्रत्येक मुलाच्या नावाची दोन कार्डं. त्यावर काय काय राहिलंय त्याची यादी. एक कार्ड घरी पालकांना, एक वर्गातल्या भिंतीवर. आणि वर ठळक शिक्का. आता शिक्क्यावर लिहायचं काय? 'रिमाइंडर' तर चालणार नाही. सरकारी पत्रांवर कसं, 'माहितीस्तव' लिहितात. माहितीसाठी म्हणजे माहितीस्तव. मग आठवणीसाठी म्हणजे? स्मरण अधिक अर्थ. वा! एकही इंग्रजी अक्षर नाही. मराठी शिकवणाऱ्या शिर्के बाईंना एकदा विचारलं असतं, पण त्या नेमक्या लेकीच्या बाळंतपणाला रजेवर. आणि खरं सांगू का, त्या असत्या तरी मी विचारलं नसतं.

स्टेशनजवळ जिन्याखाली एक शिक्के बनवणारा बसायचा. त्याला कागद दिला. त्याने वाचलं, "स्मरणार्थ." मग हळूच विचारलं, "कुणाच्या?"

"मुलांच्या."

"मुलांच्या?" त्याचा हात थांबला. "किती मुलं?"

"सत्तावीस."

"अरे देवा! अपघात काय?"

"छे हो! आळस!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मान खाली घालून काम करायला लागला. मला वाटलं, शिक्षणाबद्दल काय कळकळ आहे बघा साध्या माणसाला!

शाई त्याच्याकडे फक्त काळी होती. चालेल म्हटलं. उलट मी घरी प्रत्येक कार्डाला काळ्या शाईची चौकटसुद्धा आखली. उठाव यावा म्हणून! 'स्मरणार्थ' आणि खाली, 'चि. महेश राणे. नकाशे ४, निबंधवही १, प्रयोगवही १. शनिवारी सकाळी शाळेत जमा करावे.' हस्ताक्षर माझं सुरेख, ते सगळे म्हणतात. शुक्रवारी एकेक कार्ड पोरांच्या हाती घरी पाठवलं. दुसरा संच मी वर्गाच्या भिंतीवर ओळीने लावला आणि मॉनिटरला सांगितलं, "उद्या साहेब येणार. जरा सजव रे भिंत."

शनिवारी सकाळी गेटवर पोचलो तर पोरांच्या हातात नव्या कोऱ्या वह्या! खाकी कव्हरं, वर कुंकवाचं बोट. मला गहिवरून आलं हो! एका रात्रीत सत्तावीस जणांनी वह्या पुऱ्या केल्या! ऑर्डर, मुहूर्त, सनई, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

तेवढ्यात महेशची आई पुढे आली. मालवणकडची बाई, आवाज असा की पलीकडच्या सोसायटीतल्या माणसांनी खिडक्या उघडल्या. काखेत चार लांबलचक गुंडाळ्या. शेजारी महेश, गालावर बोराएवढा काजळाचा टिळा लावून, जमिनीकडे बघत उभा.

"मास्तरानू, तुमचा डोक्या ठिकाणार आसा मां? माझो झील जितो आसा! हयसर उभो आसा! आणि तुमी तेच्या स्मरणार्थ वस्तू मागतास?"

"अहो बाई, स्मरणार्थ म्हणजे..."

"म्हणजे काय ता माका सांगू नकात! आमच्या गावच्या देवळात पायरे-पायरेर लिवलेला आसा. ह्येंचा म्हणणा, शाळेची रीत आसात, देवन टाक. म्हणान चार नकाशे घेवन इलंय. पण नाव झिलाचा घालूचा नाय. सासऱ्यांचा घातलंय. तेंका जावन बारा वर्सां झाली."

तिने एक गुंडाळी उलगडली. भिंतीवर टांगायचा महाराष्ट्राचा नकाशा. खाली कागद चिकटवलेला, 'कै. आजोबांच्या स्मरणार्थ शाळेस भेट.'

मी शेजारच्या पोराची वही ओढून उघडली. पहिल्या पानावर 'कै. आजीच्या स्मरणार्थ.' पुढची सगळी पानं कोरी. दुसरी वही, 'कै. मोठ्या काकांच्या.' कोरी. सत्तावीस घरांनी माझ्या यादीबरहुकूम सामान पाठवलं होतं आणि अभ्यास कुणीच केला नव्हता! पोरांनी घरी काही उलगडा केला नाही. का करतील? नकाशा काढण्यापेक्षा विकत आणणं सोपं नाही का?

आणि मग, इतक्या वेळाने, माझ्या डोक्यात दिवा पेटला. वर्गाची भिंत!

या गडबडीत घंटा कधी झाली आणि बाकीची पोरं कधी वर गेली, कळलंच नव्हतं. पळालो. दोन मजले एका दमात. दारात पोचलो आणि तिथेच थिजलो.

मॉनिटरने भिंत सजवली होती. कार्डांच्या वर सरस्वतीची तसबीर, तसबिरीवरून खाली सोडलेला झेंडूचा हार बरोबर कार्डांभोवती. खाली स्टुलावर उदबत्ती. काळ्या चौकटीतली सत्तावीस नावं. आणि समोर इन्स्पेक्टर साहेब, डोळे मिटून, हात जोडून, स्तब्ध! शेजारी गोगटे सर, तेही स्तब्ध. मागे अख्खा वर्ग उभा. साहेब उभे राहिले की आपण उभं राहायचं, एवढं आम्ही पोरांना नीट शिकवलेलं. ज्यांची नावं भिंतीवर होती तेसुद्धा मान खाली घालून स्वतःलाच श्रद्धांजली वाहत होते.

मी काय केलं असेल? मीही उभा राहिलो. दोन मिनिटं! माझ्या आयुष्यात एवढी मोठी दोन मिनिटं पुन्हा आली नाहीत.

साहेबांनी डोळे उघडले. ओले होते. "केव्हा झालं हे?"

गोगटे सर म्हणाले, "मला... मला काही कल्पना नाही, साहेब."

"सत्तावीस मुलं गेली आणि हेडमास्तरांना कल्पना नाही?" साहेबांनी विचारलं. पहिल्या कार्डावर बोट ठेवून ते वर्गाकडे वळले. "महेश राणे. कसा होता रे हा मुलगा?"

माझ्या पाठोपाठ जिना चढून आलेला महेश दारातून धापा टाकत म्हणाला, "बरा आहे, सर!"

पुढचं काय सांगू? हसण्याचा जो स्फोट झाला त्यात वर्ग अर्धा बाकांखाली गेला. साहेबांनी एकेक नाव वाचलं, एकेक प्रेत "हजर!" म्हणत उभं राहिलं. मग त्यांनी वह्या मागवल्या. कोऱ्या. त्यांनी शेरेबुक मागवलं आणि तिथेच, माझ्यासमोर, सावकाश लिहिलं: 'आठवी ब. विद्यार्थी सर्व हयात. शिक्षकांचे मराठी मात्र स्वर्गवासी.'

माणूस खरोखरच मराठीचा अभिमानी होता.

ऑर्डर सहा महिने पुढे गेली. मुहूर्तही गेला. मुलीच्या वडिलांच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा म्हणे ते फक्त एवढंच म्हणाले, "पत्रिका आम्हीच छापून घेऊ. यांना लिहू देऊ नका." मला त्या वेळी लागलं ते. अजूनही थोडं लागतं.

गोगटे सरांनी शिक्षा फर्मावली: रोज एक पान शुद्धलेखन लिहायचं आणि रजेवरून परतलेल्या शिर्के बाईंना दाखवायचं. ऑर्डर हवी असेल तर! पहिले दोन दिवस मी मन लावून लिहिलं. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. चौथ्या दिवशी टीव्हीवर मराठी चित्रपट होता आणि आमच्या सोसायटीत टीव्ही एकच, जागा धरायला लवकर जावं लागायचं. पाचव्या दिवशी आठवी 'ब'च्या दारातच बाईंनी मला गाठलं. आत पोरं कान टवकारून बसलेली.

"सर, तीन पानं राहिली तुमची. वही कुठाय?"

आणि सव्वीस वर्षांचा, बी.ए., बी.एड., बावन्न मुलांना शिस्त लावायला निघालेला मी, जमिनीकडे बघत म्हणालो,

"बाई, लिहिलंय सगळं. वही घरी राहिली."